थोरल्याने लपवलेले बटण

मी, निवृत्त मेट्रन, वय वर्षे ऐंशी, राहणार याच घरात, एक मुलगा व एक मुलगी यांची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. कान गेले आहेत, हात थरथरतो. पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्याला घर देणारे माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते सांगते.

मला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून परगावची धाकटी टीव्हीला जोडलेल्या डबीवर व्हिडिओ पाठवायची. नातीला पुढे करायची आणि सांगायचे ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कॅमेऱ्यापुढे धरायची. डबीचा रिमोट माझ्या टॅबलेटच्या पडद्यावर आहे. थोरल्याने तो माझ्या हाताला जमेल असा बेतून दिला: बारीक बटणे काढली, बातम्या, गाणी, मालिका आणि बंद ही चार मोठी ठेवली. पाचव्यावर धाकटीचा फोटो. उत्तर मी तोंडी सांगायचे, तो टाइप करून पाठवायचा. मुलगा असावा तर असा, असे मी जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

मग एके दिवशी पाचवे बटण दिसेना.

"तिनं पाठवायचंच बंद केलंय, आई," थोरला माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला. "रिकामं बटण कशाला ठेवायचं?"

मी मानी बाई. ती विसरली तर मी कशाला मागे लागू? रागाच्या भरात मृत्युपत्र करून घर थोरल्याला ठेवले.

मागच्या आठवड्यात चित्र अडकले, म्हणून केबलवाला आला. त्याने रिमोटची मांडणी बदलायचे पान उघडले आणि ओरडून म्हणाला, "आजी, एक बटण लपवून ठेवलंय की इथं! परत आणू का?"

सगळे व्हिडिओ तिथेच होते. नातीचे दुधाचे दात पडले, नवे आले, मला पत्ता नाही. एकात धाकटीचा कागद: "दादा घर विकायचं म्हणतोय. सही करण्याआधी मला विचार." आणि शेवटच्यात: "आई, तू पाठवू नकोस म्हणालीस. तरी पाठवते."

मी असे कधीही म्हटलेले नाही. माझ्या नावाने ते कोणी टाइप केले, हे सांगायला ज्योतिषी नको. पोटच्या पोराने केसाने गळा कापला. जाब विचारला, तर म्हणतो, "तू ते बघून रडायचीस, म्हणून काढलं." रडायचे मी, डोळे माझे, याला कोणी विचारले होते?

म्हणून माझ्या पश्चात घर धाकटीचे. ठेवावे की विकावे, ते तिने ठरवावे. थोरल्याने मध्ये तोंड घालू नये. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी, कारण काही झाले तरी तो माझ्याच पोटचा आहे, आणि हेच मला जास्त लागते.

सूनबाईला सगळे ठाऊक होते. ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. तिला मोठा कुकर. लग्नापासून तिचा त्यावर डोळा आहे. त्याची शिट्टी बिघडली आहे, ते तिचे तिला कळेल.

नोकरीत असताना वॉर्डात मी छातीला लावायचे ते घड्याळ नातीला. रोज किल्ली द्यावी, जोर करू नये.

साक्षीदारांना काही ठेवलेले नाही, कायद्यात बसत नाही. त्यांनी रागावू नये.

रिमोट आता मीच बेतते, केबलवाल्याने शिकवले. धाकटी सर्वांत वर, बातम्या गेल्या तळाला. काल मीही कागद धरला: "मी तसं म्हटलं नव्हतं." शेजारच्या वहिनींनी तो व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर अजून आलेले नाही.

शेवटचे. मी गेल्याची बातमी धाकटीला थोरल्याने कळवू नये. ती वहिनींनी स्वतःच्या तोंडाने सांगावी, आणि एवढेच जोडावे की आईने तुझे सगळे व्हिडिओ पाहिले. उशिरा पाहिले, पण सगळे पाहिले.

सही: थोरल्याची व धाकटीची आई

आमच्या देखत सही केली:
१. शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी (सही)
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहत्या घरी, बाहेरची खोली
दिनांक: एकोणीस ऑक्टोबर