मंदाने जाऊबाईंबरोबर पाहिलेली गावे

तात्यापारा, रायपूर

प्रिय मंदाकिनी,

तुझे गुडघे आता ठणठणीत असावेत. (मागच्या संक्रांतीला तेच पुढे करून तू माझ्या हळदीकुंकवाला आली नव्हतीस. फोटोत मात्र डोंगर चढून द्राक्षमळ्यात उभी आहेस.) आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे होतो.

इटलीच्या किनाऱ्यावरची ती जुनी गावे सुंदर आहेत, हे मान्य. कड्याला बिलगलेली गुलाबी-पिवळी घरे, वर द्राक्षांचे मळे, खाली समुद्र. फक्त प्रत्येक फोटोत तुझ्या जाऊबाई मध्ये आल्या आहेत. कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट ठेवून "इथे आपण दोघी" असे तू जिला म्हणाली होतीस, ती मी. (मी पुरीचा समुद्र पाहिला आहे, पण सासूबाईंचा हात धरून. तो मी जमेत धरत नाही.)

तू पाठवलेली बाटली पोचली. यांनी लेबलावरची द्राक्षे पाहिली आणि बाटली गुपचूप कपाटात माझ्या साड्यांमागे ठेवली. गुरुवार टाळला, एकादशी टाळली आणि शनिवारी शरच्चंद्र भावजींना बोलावून, खिडक्या लावून, दोघे स्टीलचे पेले आणि चिवडा घेऊन बसले. पहिल्याच घोटाला भावजींच्या डोळ्यांत पाणी आले.

"काहून रे, कडक आहे का?"

"जुना माल आहे, भैया. राजधानी झाल्यापासून रायपुरात सगळं येऊन राहिलं, पण हे नाही."

अर्धी बाटली संपली. भावजींनी 'चढली' म्हणून स्कूटर आमच्याकडेच ठेवली आणि रिक्षाने सदर बाजारला घरी गेले. लेबल मी आधीच वाचले होते. सॅलडवर शिंपडायचा द्राक्षांचा सिरका (व्हिनेगर) होता. पण मी बोलले नाही. म्हटले, आमच्या घरात कोणाला तरी ती गावे भेटू देत. सध्या दोघांच्या छातीत जळजळ आहे. माझ्याही आहे, पण मी एक थेंबही घेतलेला नाही.

घरी सर्वांना (जाऊबाई धरून) नमस्कार.

तुझीच,
प्रेमला

ता. क. जाऊबाईंना बोट लागली का? लागली असल्यास सविस्तर लिही.

आणखी एक. ती गावे पाच आहेत म्हणतात, फोटो चारांचेच आले. पाचवे राहिले असेल, तर ते आपल्या दोघींसाठी राहू दे. पाहून झाले असेल, तरी मला 'राहिले' असेच कळव.