तिचं शिफारसपत्र

२ नोव्हेंबर

राजदूतबाईसुद्धा अर्ज करतेय! त्याच विद्यापीठात, त्याच अभ्यासक्रमाला — आंतरराष्ट्रीय संबंध, दोन वर्षं — आणि त्याच शिष्यवृत्तीसाठी. आमच्या अख्ख्या विभागातून ती एकालाच मिळते. शिष्यवृत्तीशिवाय मी जाऊ शकत नाही. मार्चमध्ये मला अठ्ठावीस पूर्ण होतात आणि त्यानंतर अर्जच घेत नाहीत. म्हणजे माझी ही शेवटची खेप. तिच्या हातात अजून दोन वर्षं आहेत, तरी मुहूर्त नेमका याच वर्षीचा!

बातमी तिनेच दिली. जिन्यात गाठून, हात धरून. "अगं, किती छान ना, पुन्हा दोघी एकत्र!"

एकत्र. बरं.

४ नोव्हेंबर

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोकं शांत होईल.

चार वर्षांपूर्वीची वादविवाद स्पर्धा, अंतिम फेरी. विषय — दोन देशांतून वाहणाऱ्या नदीच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा? ती पहिली वक्ता, मी दुसरी. सहा आठवडे ग्रंथालयात बसून मी जुने करार वाचले, मुद्दे काढले. वही माझी, वाचायची दोघींनी. अर्धे मुद्दे तिचे, अर्धे माझे, आणि शेवटचा घाव माझा. त्यासाठी एक नावाडी राखून ठेवला होता. ज्याची नाव नदीच्या मध्यावर आहे, तो त्या घटकेला कोणत्या देशाचा? एवढं विचारायचं आणि खाली बसायचं.

बाई उभ्या राहिल्या आणि माझी अख्खी वही बोलून मोकळ्या झाल्या. नावाड्यासकट! टाळ्या थांबेनात. मग मी उठले. तोंड उघडलं. आत काही नव्हतं. मी! जिला शाळेत गप्प बसवायला दोन शिक्षक लागायचे! चाळीस सेकंद नुसती उभी. कोणीतरी हलकटाने मोजले.

त्या करंडकावर तिला दूतावासात उमेदवारी मिळाली, आणि 'राजदूतबाई' हे नाव. माझं नाव पडलं 'चाळीस सेकंद'. जुनी मंडळी अजून मला बघून मनगटावरचं घड्याळ बघतात.

क्षमा या विषयावर मी कुठल्याही व्यासपीठावर तासभर बोलेन, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणेन. तिला क्षमा करणार नाही.

डोकं शांत झालेलं नाही.

७ नोव्हेंबर

'तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे?' — पाचशे शब्दांत. माझे दोन हजार तीनशे झाले. आईला वाचून दाखवले. ती शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. मशीन थांबवलं नाही, पण ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हा अर्ज आहे की धमकी?"

"दोन्ही."

"मग बाह्या आखूड कर. वाचणाऱ्याला हात हलवायला जागा पाहिजे."

सहाशेवर आणलंय. शंभर शब्द अजून रक्तासारखे चिकटून बसलेत.

१३ नोव्हेंबर

आज सरांकडे शिफारस मागितली. तीन वर्षं मी त्यांची सहायक आहे. त्यांच्या प्रस्तावना मी लिहिते, शोकसंदेश मी लिहिते, सोसायटीच्या पाणीपंपाची तक्रारही मी लिहिते. एकदा लग्नाचा वाढदिवस विसरले तेव्हा त्यांच्या पत्नीला लिहिलेली माफीसुद्धा माझीच. बाई विरघळल्या म्हणे. त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या मजकुरात सही तेवढी सरांची.

सर खुर्चीतून उठलेच. "तुझं मी स्वतः लिहिणार! एक अक्षर दुसऱ्या कोणाला लिहू देणार नाही. तू काय परकी आहेस?"

डोळे भरून आले माझे. खोटं कशाला लिहू.

मग चष्मा शोधता शोधता म्हणाले, "आणि ते तिचंही आलंय बघ. तुझ्या त्या जोडीदारणीचं. तिचं तेवढं तू लिहून माझ्या कॉम्प्युटरवर ठेव. तू तिला चांगली ओळखतेस. मी नजर टाकून पाठवतो."

मी वही काढली.

"कधीपर्यंत हवं, सर?" मी विचारलं. फक्त एवढंच.

१४ नोव्हेंबर

आयती सापडली! माझ्याच लेखणीच्या टोकावर!

१७ नोव्हेंबर

पहिला मसुदा फाडला. त्यात 'चोर' हा शब्द तीनदा होता. दुसऱ्यात एकदाच, पण ठसठशीत.

मग डोकं चालवलं. इतकी वर्षं तहनामे वाचतेय, त्यातून काय शिकले? जिंकणारा कधी शिवी देत नाही. हरलेल्याचं बंदर काढून घेतो ते कलम सगळ्यांत मऊ भाषेत असतं. 'उभयतांच्या स्नेहास स्मरून.' म्हणजे मलाही स्नेहच पाहिजे. एकही खोटं वाक्य नको, एकही वाईट शब्द नको. वाचणाऱ्याला जांभई यावी आणि त्या जांभईत ती कायमची गडप व्हावी.

चौथा मसुदा जमला. इथे उतरवून ठेवते, कारण माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत नेमकं लेखन आहे —

'ही विद्यार्थिनी वक्तशीर आहे. सांगितलेलं काम ती तक्रार न करता पूर्ण करते, आणि वाद टाळते. दुसऱ्यांचे विचार ती नीटनेटक्या रीतीने मांडते. योग्य मार्गदर्शन मिळाल्यास ती कोणत्याही कार्यालयाला उपयोगी पडेल.'

पुढे असेच आणखी दोन परिच्छेद, पिठात पाणी घालावं तसे. मुद्दाम एकही प्रसंग घातला नाही. एकही तारीख नाही, स्पर्धा नाही, दूतावास नाही. कोणाच्याही नावावर खपेल असं पत्र! शिफारशीत याहून मोठी शिवी नाही.

'वाद टाळते' — वादविवादाच्या करंडकवालीला! तीनदा वाचलं. तिन्ही वेळा हसू आलं.

१८ नोव्हेंबर

आई चेहरा वाचते. "तिचं पत्र लिहिलंस?"

"हो."

"वाईट?"

"एक शब्दही वाईट नाही."

"म्हणजे फारच वाईट." दाताने दोरा तोडला. मग जरा वेळाने, "तुझे सर स्वतः कधी काही लिहितात का गं?"

"माझं लिहिणार आहेत."

आईने पुढचा सदरा ओढला.

२४ नोव्हेंबर

राजदूतबाई फाईल घेऊन आली आणि थेट माझ्या टेबलासमोर बसली. "सर म्हणाले पत्र तू बघतेयस. कसं झालंय?"

"नेमकं."

"बाई गं! तू नेमकं म्हणालीस की मला भीती वाटते." हसली. मी हसले नाही. मग फाईलचं रबर ताणत म्हणाली, "तू अजून ते मनात धरून आहेस ना?"

"कोणतं?" म्हटलं. बघू तर, तोंडाने म्हणते का.

"मला थांबताच आलं नाही गं त्या दिवशी. वही समोर होती, लोक ऐकत होते… पान संपलं की हात आपोआप पुढचं उलटायचा. खाली बसले तेव्हा लक्षात आलं, तुला काही उरलंच नाही."

"हे सांगायला चार वर्षं लागली?"

"दोनदा आले होते सांगायला. तू ऐकून घेतेस कधी? तू भाषण करतेस."

ती गेली. तिचं पत्र पडद्यावर उघडंच होतं. तिच्या बाजूने पडद्याची पाठ, म्हणून बचावले. बदलता आलं असतं. नावाडी घालता आला असता — छान प्रसंग झाला असता, शेवटी तिने तो मांडला चांगलाच होता. अर्धा तास बसून राहिले.

एका ठिकाणी दोन शब्दांत जागा जास्त सुटली होती, तेवढी कमी केली. फाईल बंद केली.

ऐकून घेत नाही म्हणे!

१ डिसेंबर

आजची शेवटची मुदत, पाच वाजेपर्यंत. सर साडेतीनला उगवले. "अरे, पत्रं राहिली की!" मी काही म्हणायच्या आत मला पलीकडच्या इमारतीत पिटाळलं — परीक्षेवर देखरेखीला माणूस कमी होता. तिथे पोरं पेपर लिहितायत आणि मी त्यांच्यातून येरझाऱ्या घालतेय, सर दोन बोटांनी टाईप करतात हे आठवत. एका परिच्छेदाला त्यांना अर्धा तास लागतो!

सव्वाचारला धावत परत. माझ्या अर्जाचं पान उघडलं. 'शिफारसपत्र मिळाले — ४ वाजून ०२ मिनिटे.' आत काय आहे ते उमेदवाराला दिसत नाही. तो नियमच आहे. पण गेलं!

सर चहा पीत होते. "दोन्ही गेली. तिचं आधी, मग तुझं. तुझ्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत!"

दहा मिनिटंसुद्धा नाहीत! जो माणूस एका ओळीवर अडतो, त्याच्याकडून माझ्याबद्दल इतकं झरझर आलं. तीन वर्षांचं साठलेलं असणार. मनापासूनचं असलं की बोटंही चालतात.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." आणि सुईत दोरा ओवायला खिडकीपाशी गेली.

१६ जानेवारी

मुलाखतीचं बोलावणं आलं! आमच्या विभागातून पाच जण. त्यात मी आहे, आणि तीही आहे. माझी जांभई कमी पडली म्हणायची. तिच्या दूतावासाने तारलं असेल. हरकत नाही. एवीतेवी समोरासमोरच हवं होतं. तिची वेळ दहाची, माझी साडेदहाची. म्हणजे यंदा तिच्यानंतर पुन्हा मीच उठणार. पण वही या खेपेला माझ्या डोक्यात आहे, तिच्या हातात नाही.

२२ जानेवारी

आरशासमोर रोज एक तास. तहांवर, निर्वासितांवर, पाण्यावर. नावाडी परत घेतलाय. माझा होता, माझाच आहे. त्यांनी 'तुमच्या सरांनी तुमच्याबद्दल लिहिलंय' म्हणून काही काढलं तर काय म्हणायचं तेही ठरवलंय — मान किंचित खाली, 'सरांचा मोठेपणा.' दोनदा करून पाहिलं. चांगलं दिसतं.

२९ जानेवारी

आईने कोट शिवून दिला. खांद्यांत नेमका बसला. टाचण्या काढताना म्हणाली, "आत फार बोलू नकोस."

"मग काय, गप्प बसू?"

"विचारतील तेवढं सांग. खरं सांग."

उद्या राजदूतबाई बाहेर येईल आणि मी आत जाईन. तिला दारातच म्हणणार आहे — घड्याळ लाव.

३० जानेवारी

दारात ती भेटली. काही म्हणायच्या आधीच तिने माझा हात दाबला आणि मान खाली घालून निघून गेली. मला वाटलं, पडली.

आत तिघं. मधल्या बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुमचा निबंध वाचून हात भाजले आमचे. मग हे पत्र वाचलं." आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी सरकवले. एकावर माझं नाव. दुसऱ्यावरचं नाव त्यांनी बोटाने झाकलं होतं. खाली दोन्हीकडे तेच — वक्तशीर आहे, तक्रार न करता, आणि वाद टाळते, उपयोगी पडेल. मी कमी केलेली ती जागासुद्धा दोन्हीकडे कमी केलेली.

"तुमच्या सरांनी दोघींना एकच पत्र दिलंय. असं होतं कधी कधी. आम्हाला एवढंच जाणून घ्यायचंय — तुम्ही त्यांना ओळखता — हे मुळात कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असेल?"

तीन वर्षं. प्रस्तावना, शोकसंदेश, पाण्याचा पंप. कधीपर्यंत हवं, सर?

किती सेकंद गेले, कोणी मोजले नाहीत.

"मला," म्हटलं.