छप्पन्न टिंबं

ट्रॉय, मिशिगन
ऑक्टोबर २००७

प्रिय मोरेश्वर,

एका संत्र्यात दहाच फोडी निघाल्या आणि ओळीला चौदा हव्या होत्या, म्हणून तू माझ्या संत्र्यातल्या चार उचलल्यास, ते तुला आठवतं का? कॉन्व्हेंटचा मागचा व्हरांडा, डिसेंबरातलं नागपूरचं ऊन, एक पाय आखूड असलेलं सिस्टर आगातचं टेबल. तू व्हायोलिनवर ओळ वाजवायचास, मी एकेका अक्षरासाठी एकेक फोड मांडत जायचे, आणि शब्द बसले की आपण ती ओळ खाऊन टाकायचो. सिस्टर आगात आयांकडून शिकलेल्या त्यांच्या मराठीत म्हणायच्या, "हे दोघं गाणं नाय लिवत, गाणं जेवते." मी वीस वर्षांची होते, तू बावीस. माझ्या जुन्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आपण एक फ्रेंच संगीतिका मराठीत आणत होतो. तुझे वडील पोलीस बँडचे मास्तर, त्यामुळे तुला विलायती नोटेशन येत होतं. एवढ्याच कारणासाठी मुलींच्या कॉन्व्हेंटात तुला पाऊल टाकू दिलं होतं.

तुझा पत्ता उल्काकडून घेतला. ती अजून धंतोलीतच राहते, आणि वर्गातल्या सगळ्यांची खबर तिच्याकडे असते. हे पत्र एका बैठकीत होणार नाही. माझी मुलगी राधिका म्हणते, आई, रोज थोडं लिही आणि सकाळी लिही, सकाळी तू छान असतेस. म्हणून मी रोज चहानंतर खिडकीशी बसते. समोरच्या मेपलची पानं लाल झाली आहेत. शेजारच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली आहे; त्यांची गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी गेली.

एमील गारांदो हे नाव तू विसरला नसशील, पण तेव्हा आपल्याला त्यांच्याबद्दल माहीत तरी काय होतं? ग्रेनोब्लच्या एका हातमोजे शिवणाऱ्याचा हा मुलगा पॅरिसमध्ये रेल्वेच्या मालवाहतूक कचेरीत कारकून झाला. तिथल्याच टेबलावर, बाह्यांना शाई लागू नये म्हणून काळ्या खोळी चढवून, त्यांनी एकतीस संगीतिकांचे संवाद आणि गाणी लिहिली. स्वतःला एक सूर धड लावता येत नव्हता. सगळ्या चाली त्यांचे मित्र ऑक्ताव्ह द्युरिए यांच्या. थिएटरचा मालक तालमीच्या आदल्या दिवशी शेवट बदलायला लावायचा, आणि हे ऑफिसात परत जाऊन मालगाडीच्या पावत्यांमागे नवा शेवट लिहायचे. म्हातारपणी ते लिमोजला भाचीकडे राहिले. सिस्टर आगात त्या भाचीची मुलगी. जेवणाआधीच्या प्रार्थनेतही आजोबांची बोटं टेबलक्लॉथवर अक्षरं मोजत असायची, असं त्या सांगत. हिंदुस्थानात येताना त्यांनी मदर सुपीरियरना ही फ्रेंचची क्रमिक पुस्तकं आहेत असं सांगून आजोबांच्या संगीतिका ट्रंकेत घातल्या. त्यांनी आयुष्यात केलेलं तेवढं एकच पाप, असं त्याच म्हणायच्या.

पण ट्रंकेत नुसते शब्द होते, चाली नव्हत्या. त्या तू करायच्या ठरल्या, आणि सिस्टरनी आपल्याला आजोबांचीच रीत शिकवली. आधी चाल. चाल करणारा तिच्याखाली मनाला येतील ते शब्द लिहून देतो, म्हणजे गाणं लिहिणाऱ्याला अक्षरं किती आणि जोर कुठे ते कळतं. मग खरे शब्द बसले की ते पहिले फेकून द्यायचे. फ्रेंच लोक त्या फेकायच्या शब्दांना राक्षस म्हणतात. तुझे राक्षस काय एकेक असायचे. "दोन शेर तांदूळ, पावशेर डाळ, सायकलचं मागचं चाक पुन्हा गेलं काल." हे मी राजकन्येच्या अंगाईच्या चालीवर वाचलं आणि इतकी हसले की सिस्टर धावत आल्या. त्यांनी मला दटावलं. राक्षसाचं तोंड बघायचं नाही, म्हणाल्या, नुसती पावलं मोजायची. तोंड बघितलंस तर त्याचे शब्द डोक्यात बसतात, मग तुला तुझे सुचत नाहीत. मी कॉन्व्हेंटची शहाणी मुलगी. त्या दिवसापासून मी तुझा एकही राक्षस वाचला नाही. पेन्सिल घेऊन प्रत्येक अक्षरावर एक टिंब द्यायचे, टिंबं मोजायचे आणि कागद फाइलीत लावायचे.

लग्नानंतर इथे आले तेव्हा ती फाइल कशी कोण जाणे माझ्या बॅगेत आली. गुरुनाथ मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर होते. फार सरळ माणूस. मी लायब्ररीत नोकरी धरली आणि राधिका कॉलेजला गेल्यावर गारांदोंचं चरित्र लिहायला घेतलं, तेही मराठीत. सुट्टीच्या दिवशी मी डिक्शनरी घेऊन बसले की गुरुनाथ स्वयंपाकघरातून विचारायचे, "गारांदोबुवा उठले का? त्यांचाही चहा टाकू?" मित्रांना सांगायचे, हिचा एक माणूस पॅरिसला आहे, पण घाबरायचं कारण नाही, वारलाय. २००४ मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दल या पत्रात एकही वाकडा शब्द नाही आणि तो असता कामा नये. मी त्यांच्याबरोबर सुखात होते, हे तुला माहीत असावं.

पॅरिसच्या एका ग्रंथालयाशी मी तीन वर्षं पत्रव्यवहार करत होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिथून बासष्ट फोटोकॉपी आल्या. चाळिसाव्या पानावर गारांदोंनी भाचीला लिहिलेलं पत्र आहे. द्युरिए अचानक वारले, पन्नाशीही झाली नव्हती. त्यांची बायको, मित्र, कुणालाच ते आजारी असल्याचा पत्ता नव्हता. अंत्यविधीनंतर गारांदोंनी जुने कागद आवरायला काढले आणि पहिल्यांदा राक्षस वाचले. शेवटच्या चार वर्षांचे. सैनिकांच्या कोरसखाली लिहिलं होतं, आज पुन्हा रक्त पडलं. मद्यप्यांच्या गाण्याखाली, डॉक्टर म्हणतात हिवाळा निघेल, पुढचं सांगत नाहीत. एका प्रेमगीताखाली, एमील, हे तू वाचत असशील तर उद्या घरी ये. गारांदोंनी त्यावर अक्षरं मोजून सुंदर प्रेमगीत लिहिलं होतं. ते त्या वर्षी सगळ्या पॅरिसने गायलं. भाचीला ते लिहितात, "मी त्याची पावलं मोजत राहिलो, ती कुठे चालली आहेत ते पाहिलं नाही." त्यानंतर बावीस वर्षं जगले. एक ओळ लिहिली नाही. प्रार्थनेच्या वेळी टेबलक्लॉथवर ते काय मोजत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

मी तळघरात गेले आणि फाइल काढली.

दुसऱ्या अंकाचा शेवट तुला आठवतो? कपड्यांना इस्त्री करणारी यमुना, आणि तिला भेटता यावं म्हणून दर आठवड्याला पलटणीतल्या सगळ्यांच्या कॉलरी इस्त्रीला आणणारा शिपाई. थिएटरच्या मालकाच्या हट्टामुळे गारांदोंनी त्या प्रवेशाचे दोन शेवट लिहिले होते. एकात यमुना त्याला थांबवते, दुसऱ्यात घालवून देते. कुठला घ्यायचा ते तू माझ्यावर सोडलंस. "तूच ठरव," म्हणालास, आणि चालीचा कागद टेबलावर ठेवून, संत्रं न खाता निघून गेलास. मला वाटलं, तुला परीक्षेची घाई आहे. त्या कागदावर चार ओळी आहेत.

भिलाईचं पत्र आलं, जायचं की नाही?
तू थांब म्हणालीस तर जाणार नाही.
बुधवारी आई येईल तुमच्या घरी.
नको असलं तर गाण्यात सांग तरी.

चार ओळी, छप्पन्न अक्षरं, आणि प्रत्येक अक्षरावर माझ्या हातचं पेन्सिलचं टिंब. एकही चुकलेलं नाही. "तू"वरसुद्धा आहे. खाली माझा हिशेब आहे, चौदा गुणिले चार, आणि शेजारी बरोबरची खूण.

मी घालवून देण्याचा शेवट निवडला, कारण शिपाई गेलाच नाही तर तिसरा अंक कशावर उभा राहणार? एवढंच कारण होतं, मोरेश्वर. दुसरं काहीही नव्हतं. "जा शिपाया, परत ने तुझ्या या कॉलरी, दाराशी माझ्या थांबू नकोस, जा रे घरी." मी वाचत नाही असं मला वाटायचं, पण डोळा कुठेतरी पोचला असणार, कारण तुझंच यमक उचललं. "घरी"ला "घरी". तू ते वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं असेल, याचा विचार मी दीड वर्ष करते आहे. गाण्यात सांग म्हटलं होतंस, आणि मी गाण्यात, चोख चौदा अक्षरांत सांगितलं. तालमीत ती ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेताना तू व्हायोलिनवरची मान वर केली नाहीस. मी सगळ्यांसमोर तुला चिडवलं, "काय हो संगीतकार, शब्द पसंत नाहीत वाटतं?" तू म्हणालास, "शब्द स्पष्ट आहेत." बाकीच्या मुली हसल्या.

बुधवारी कुणी आलं नाही, आणि कुणी यायचं होतं हे मला माहीतच नव्हतं. जानेवारीत तू भिलाईला नोकरीवर गेलास, निरोप न घेता. मी रोज पोस्टमनची वाट पाहिली, मग एक दिवस पाहायची सोडली. दीड वर्षाने अमेरिकेचं स्थळ आलं. आई म्हणाली, "तुझ्या मनात कुणी असेल तर आत्ता बोल." मी म्हटलं, माझ्या असून काय उपयोग, त्याच्या नसेल तर? आणि हो म्हणून टाकलं.

तुला सांगितलं का, एका संत्र्यात दहाच फोडी निघाल्या होत्या आणि तू माझ्यातल्या चार... सांगितलं. वर पाहिलं, पहिलीच ओळ आहे. खोडत नाही, राहू दे.

एकोणनव्वदमध्ये उल्काच्या पुतणीच्या लग्नात आपण भेटलो. तू रत्नावहिनींची ओळख करून दिलीस. मला त्या आवडल्या. त्यांनी माझ्या ताटातली जिलबी संपेपर्यंत मला उठू दिलं नाही. तू विचारलंस, "गाणी लिहितेस का अजून?" मी हसून म्हटलं, "चाली कोण देणार?" तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंस. मला वाटलं, माझे केस पांढरे झालेले बघतो आहेस. हे पत्र त्यांनाही दाखव. त्यांच्यापासून लपवावं असं यात आता काही नाही. जे होतं ते कधी झालंच नाही.

दीड वर्ष लिहिलं नाही, कारण लिहून तुझ्या म्हातारपणी कुणाचं काय भलं होणार, असं वाटायचं. आता लिहिते, कारण ऑगस्टमध्ये बिग बीव्हर रोडवर, जिथून मी वीस वर्षं लायब्ररीत गेले, मला घर कुठल्या बाजूला ते आठवेना. डॉक्टरांनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं आणि तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. मला एक राहिला. आजाराचं नाव राधिकाने या कागदाच्या मागे लिहून दिलं आहे, कारण मला ते टिकत नाही. गाडीच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत, डब्यांवर मोहरी, जिरं अशा चिठ्ठ्या आहेत. डॉक्टर म्हणतात, शब्द आधी जातात, चाली बराच काळ राहतात. म्हणजे मी एक दिवस तुझ्या चाली गुणगुणेन आणि त्यांच्याखाली तोंडाला येईल ते बोलेन. राधिकाला मी सांगून ठेवलं आहे की तेव्हा हसू नकोस आणि सोडूनही देऊ नकोस. आई काय म्हणते ते ऐक. तुझं उत्तर यायचं असेल तर हिवाळ्याआधी येऊ दे. नंतर आलं तर राधिका वाचून दाखवेल, पण ते कुणाचं आहे हे मला कळेलच असं नाही. वाटणी करून ठेवली आहे. सिस्टर आगातची पुस्तकं कॉन्व्हेंटला परत, उल्का पोचवेल. गारांदोंचं चरित्र अपुरंच आहे, ते राधिकाला. तिला मराठी वाचता येतं, सावकाश. चालींची फाइल नात सलोनीला. ती शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, परवा दुसऱ्या अंकाची चाल वाजवून विचारत होती, "आजी, हूज ट्यून इज धिस?" मी तुझं नाव सांगितलं. तेव्हा आठवलं. टिंबांचा कागद या पत्रासोबत आहे, तो तुझा. त्याच्या मागच्या बाजूला मी एक ओळ लिहिली आहे, त्याच चालीवर. मोजत बसू नकोस, मी मोजली आहे. नुसती वाच.

बुधवारी येऊ दे आई, मी आहे घरी.

तुझीच,
अहिल्या