बांगड्यांचं गाणं आणि माझा राजहंस

प्रिय अक्का,

काल दुपारी मी तुझं गाणं ऐकलं! आचऱ्यात, माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी, गौरीसमोर बायका फुगडी घालत होत्या तेव्हा! कालपासून पाय जमिनीवर नाहीत माझे. हे सांगायचं कुणाला? आई म्हणेल, वेडी झालीस. म्हणून तुलाच लिहिते. तुला जाऊन चार वर्षं झाली आणि हे माझं तुला पहिलं पत्र, याची लाज वाटते, पण ते नंतर.

मी ओटीवर चहा घेत बसले होते. बी.ए. झालेल्या बाई म्हणून मला खुर्ची दिली होती! आतून आवाज आला,

सोडणां गेली खाडीक न्हावूक,
सात म्हयने झाले, येवक नाय;
बोलवूक धाडले बांगडे तेंका,
तेंचोय पत्तो लागूक नाय!

माझी कपबशी कलंडली. अक्का, हे तर आपल्या मागच्या अंगणातलं!

आठवतं ना? खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवलेली नारळाची सोडणं बाबा काढून आणायचे. आपण दोघी दगडापाशी समोरासमोर बसून त्यांचा काथा होईस्तोवर दांडक्यांनी कुटायचो. कसला वास तो! केसांतून जात नसे. पण तुझा दांडका एकदा लयीला लागला की तुला गाणं सुचायचं. चौथीत शाळा सुटलेली तू! आई घरातून ओरडायची, "शेवंत्ये, तोंड कमी चलय आणि हात चलय!" आणि तू तेवढ्याच ठेक्यात तिचंच वाक्य गाण्यात घालायचीस.

शाळेची घंटा झाली की मी उठायची. "जा गो तू. तुझ्या वाट्याचां मी कुटतंय." रोज हेच म्हणायचीस. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं?

आता लाजेची गोष्ट. मी सातवीत होते. पुस्तकातल्या कविता पाठ करून माझ्या डोक्यात वारं शिरलं होतं. तुझी गाणी वहीत उतरवायची असं मी ठरवलं. पण सोडणं आणि बांगडे कवितेत शोभतात का! मी सोडणांची सुवर्णकमळं केली, खाडीची गंगा केली आणि बांगड्यांच्या जागी राजहंस धाडले. मोठ्या ऐटीत तुला वाचून दाखवलं. तू दांडका खाली ठेवलास. मग हसलीस.

"बरां आसा गो. पण राजहंस तू खंय बघलंस?"

"पुस्तकात."

"आणि बांगडो?"

मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले तर म्हणालीस, "आज काय सुचूक नाय." त्यानंतर माझ्यासमोर तुला कधी सुचलंच नाही. रागावायचं तरी होतंस! एक थप्पड दिली असतीस तर बरं झालं असतं. त्याच वैशाखात तुझं लग्न झालं, तू मसुऱ्याला गेलीस. आणि चार वर्षांपूर्वी, मी कोल्हापूरला परीक्षेत असताना, बाळंतपणात गेलीस. मला कळलं ते तेरावं झाल्यावर.

वही माझ्याकडे होती. कितीदा उघडली! पानापानावर राजहंस. तू कुठेच नाहीस. तुझी गाणी मी मारली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

म्हणून काल मी चपला काढायचं विसरून आत धावले. गाणं सांगणारी घरची नवी सून होती, नंदा. मी विचारलं, "हे गाणं कुणाचं?"

"आमच्या मसुऱ्याक शेवंतीवैनी होती, तिचां. पोर होताना गेली बिचारी. पण तिची गाणी आमी सोडूक नाय. ह्यां ऐका, ह्यां तर तिचां लाडक्यां!" आणि तिने पुन्हा फेर धरला,

भयणीन माझ्या पाळलो राजहंस,
शाळेत जाता सकाळी;
घराक येता, चुलीकडे बसता,
बांगडो मागता सांजवेळी!

अक्का गो! तू थांबली नव्हतीस! माझ्या राजहंसाला तू चुलीपाशी बसवलंस, त्याला बांगडा खायला घातलास! मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. पाच वर्षांत कोल्हापूरला कमावलेली सगळी भाषा गळून पडली. मी ओरडले, "ती माजी भयण!"

नंदा बघतच राहिली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तो राजहंस तुमी?"

सगळ्या बायका अशा हसल्या की गौरीसुद्धा हसली असेल!

मी लगेच पर्समधून पेन्सिल काढली. आणखी सांग, सगळी सांग. नंदाने मान हलवली. "बाईनु, अशी बसान आठवूची नाय ती. सोडणां कुटूक बसला काय आपसूक येतत."

खरंच की! तुलाही नुसतं बसून कधी सुचलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नंदा माहेरी जाणार आहे. मी तिच्याबरोबर मसुऱ्याला जाते आहे. नवी वही घेतली आहे. बायका म्हणतील तस्सं लिहीन, बांगडा असेल तिथे बांगडाच. राजहंस एकच राहील, तू पाळलेला. पण वही बाजूला ठेवून आधी मी दगडापाशी बसेन. हातांना फोड येतील, केसांना तो वास लागेल, लागू दे. इतकी वर्षं माझ्या वाट्याचं तू कुटलंस. आता माझं मी कुटेन, अक्का.

सांजवेळी बांगडा मागणारी,
तुझी कुमुद