करंजीचा साचा कोणाला द्यावा

मी, सरस्वती भीमराव उबाळे, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार सोनिवली, बदलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी काय ते सांगून टाकलं आहे. डोकं ठिकाणावर आहे, दबाव कोणाचा नाही. मनात किळस मात्र आहे, आणि ती लपवण्याचं आता काही कारण नाही.

१. सोनिवलीची खोली व भांडीकुंडी पुतण्या हरिचंद्र यास द्यावी. आईबापामागे मी त्याला वाढवलं, त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढणार नाही. यातून करंजीचा पितळी साचा वगळावा.

२. उल्हासनगर, कॅम्प चारमधील माझी कॉम्प्युटरची शिकवणी हरिचंद्रला मिळणार नाही. सगळे धरून चालले होते की मिळेल, म्हणून कारण लिहिते.

सी प्लस प्लसमधला क्लास म्हणजे साचा. विद्यार्थ्याला नाव असेल, गुण असतील, एवढंच त्यात ठरतं. त्यातून काढलेली एकेक करंजी म्हणजे ऑब्जेक्ट: एक सोमा, एक उमा. एकीत खोबरं भरा, दुसरीत खवा. एक तळताना फुटली तरी दुसरी शाबूत राहते. आणि नुसता साचा पाहून करंजीत काय भरलंय ते कोणालाही सांगता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी साचा मुलांच्या हातात द्यायची. माझ्या आजारपणात वर्ग हरिचंद्रकडे गेला, तर त्याने साचा कपाटावर फेकला आणि व्याख्या लिहून द्यायला सुरुवात केली. गेल्या परीक्षेत चार विद्यार्थ्यांची माहिती ठेवायला सांगितली, तर एकाने चार क्लास लिहिले. चार करंज्यांना चार साचे! वर व्याख्या घोटलेली, म्हणून हरिचंद्रने पैकीच्या पैकी गुण दिले.

आवडी आमच्याकडेच शिकली, आता टायपिंग शिकवते. चामटोलीपलीकडच्या ठाकूर आदिवासींच्या वाडीची. पेपर बघून ती म्हणाली, "बाई, साचा एकच पुरं ना? ह्याने चार कशापायी लिवले?"

मी हरिचंद्रला म्हटलं, पुढची बॅच हिला दे. तो तिच्यासमोरच हसला. "काकू, वाडीवरची पोरगी आहे. टायपिंगपर्यंत ठीक. प्रोग्रामिंग ह्यांच्या डोक्यात शिरायचं नाही."

ह्यांच्या! १९७१ साली अंबरनाथच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरची कार्डं पंच करणारी ऑपरेटर म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा साहेबाने आडनाव वाचून मला झाडूची खोली दाखवली होती. ही गोष्ट हरिचंद्र दर चौदा एप्रिलला मंडपात माइकवरून सांगतो, रुमालाने डोळे पुसतो. लोक टाळ्या वाजवतात. यंदाही वाजवल्या. त्याच आठवड्यात, त्याच तोंडाने तो हे बोलला. शी!

३. सबब शिकवणी, तिथली सर्व मशीन आणि साचा आवडी बारकू मेंगाळ हिला द्यावा. हरिचंद्रने हरकत घेतल्यास सोनिवलीची खोलीही तिलाच जाईल.

४. हरिचंद्रला क्लास समजून घ्यायचा असेल, तर आवडीने त्याला पहिल्या बाकावर बसवावं. फी घेऊ नये. साचा हातात द्यावा, आणि हा कोणाचा, कुठला हे न विचारता शिकवावं.

वरील मजकूर वाचून पाहिला. साक्षीदार विष्णुपंतांनी 'शी' काढायला सांगितलं. काढलेलं नाही.

सही: सरस्वती भीमराव उबाळे
साक्षीदार: १. विष्णुपंत पाटकर, शेजारी २. धोंडिबा शेजवळ, शिकवणीचे घरमालक
स्थळ: बदलापूर
दिनांक: २४ एप्रिल १९९८