पट्ट्यावरची अर्धी बशी

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. साडूंच्या गुडघ्याला आता उतार आहे का? जिना चढताना ते अजून तुमच्या नावाने कण्हतात की स्वतःच्या? मी बरा आहे. वेळेवर उठतो, जेवतो, कुंड्यांना पाणी घालतो. (धाकटीने लावलेलं एक रोप गेलं. मी काही केलं नाही, ते आपणहून गेलं.)

महिनाअखेर घर बंद करून कायमचं तुमच्याकडे यावं, असं तुम्ही लिहिलंत. तुमचा शब्द मोडणं मला जड जातं. धाकटी असती तर तिने मोडला असता आणि मी शेजारी मान खाली घालून उभा राहिलो असतो. पण अडचणी आहेत. मोरीचा नळ गळतो. रंगारी आज येतो, उद्या येतो करतोय. शिवाय दर गुरुवारी संध्याकाळी मला एके ठिकाणी जावं लागतं. त्याबद्दल मीच सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, लाँड्री आणि दातांचा डॉक्टर यांच्या मधे ते जपानी सुशीचं दुकान आहे. तुम्ही एकदा आला होतात. (तो हिरवा गोळा पुदिना समजून तुम्ही अख्खा तोंडात टाकलात आणि बराच वेळ कुणालाच ओळखलं नाहीत, तेच.) मधे आचारी उभा असतो, त्याच्याभोवती सरकता पट्टा फिरतो, पट्ट्यावर बशा. भिंतीपाशी पट्टा काळ्या रबरी पडद्याआड जातो, मागे वळसा घेतो आणि दुसऱ्या फटीतून बाहेर येतो. हवी ती बशी उचलायची. एका बशीत दोन घास असतात, आंबट भाताचे मुटके, वर माशाची नाहीतर अंड्याची चकती, मधे त्या तिखट हिरव्या गोळ्याचा लेप, कडेला आल्याची चकती. आमचा रिवाज ठरलेला होता. धाकटी पडद्यालगतच्या खुर्चीत बसायची, बशी तीच निवडायची, एक घास तिचा, एक माझा. मला काय आवडतं हे तिने मला लग्नानंतर लवकरच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मला विचार करावा लागत नसे.

ती गेल्यावर शेजारपाजारच्या डब्यांवर दिवस निघाले. मग एका गुरुवारी पाय आपणच तिकडे वळले. मी माझ्या खुर्चीत बसलो. तिची रिकामी होती. एका गृहस्थांनी इथे कुणी आहे का म्हणून विचारलं, मी हो म्हणालो. (खोटं बोलायची सवय नाही, तोंडून गेलं.) मग मी एक बशी उचलली, एक घास खाल्ला आणि अडकलो. दुसरा माझा नव्हता. तो खाववेना. टाकावा, तर पानात टाकलेलं तिला कधी खपलं नाही. समोर भिंतीवर मोठ्या अक्षरात सूचना आहे, उचललेली बशी परत ठेवू नये. मी आयुष्यभर लिफ्टची तपासणी केली, सूचना मोडणाऱ्या लोकांना दंड केले. त्या संध्याकाळी मी आजूबाजूला पाहिलं आणि ती अर्धी बशी गुपचूप पट्ट्यावर ठेवून दिली. पडद्याआड गेली. दुसऱ्या फटीतून बाहेर आली तेव्हा रिकामी होती. भाताचं शीतही नव्हतं. फक्त आल्याची चकती कडेला सारलेली होती. धाकटी आलं खात नसे, हे तुम्हाला माहीत आहे.

पहिल्यांदा मी आचाऱ्यावर संशय घेतला. पण त्याचे दोन्ही हात माझ्यासमोर भातात होते. पुढच्या गुरुवारी पुन्हा अर्धी बशी सोडली, पुन्हा तेच. तेव्हा मी त्याला पडद्यामागे काय आहे ते विचारलं. त्याला वाटलं मी स्वच्छतेबद्दल बोलतोय. तो म्हणाला, “काका, मागे फक्त मोटर आहे. उंदीर दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो.” दुकान नको होतं, पण मी बॅटरी घेऊन आत गेलो. गिऱ्हाइकं खायचं थांबवून बघत होती. एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढी बोळकांडी. मोटर, ओलं फडकं, बादली, कोरी भिंत. मी गुडघ्यावर बसून पट्ट्याचा वळसा हाताने चाचपला. नोकरीच्या भाषेत सांगायचं तर दोष आढळला नाही. तेलाचा वास होता. तेलाखाली, अगदी बारीक, धाकटी डोकं दुखलं की कपाळाला लावायची त्या मलमाचा वास होता. ते मी कुणाला सांगितलं नाही. बाहेर येऊन मोटर ठीक आहे म्हणालो. गल्ल्यावरच्या मालकीणबाईंनी आभार मानले.

त्यानंतर मला थोडी भीती वाटली, खोटं कशाला लिहू. एका गुरुवारी मी काहीच सोडलं नाही, हात मांडीवर ठेवून बसलो. थोड्या वेळाने पडद्यातून एक बशी आली. तिच्यात अंड्याचा एकच घास होता. दुसरा खाल्लेला. आचारी म्हणाला, आज अंडी आणलेलीच नाहीत. बशी नेमकी माझ्यासमोर आली तेव्हा मी ती उचलली आणि खाल्ली. भात कोमट होता. (मालकीणबाईंनी ती माझ्या बिलात धरली. धाकटीच्या जिवंतपणीही असंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही.)

तेव्हा माझी तब्येत उत्तम आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि नळाचं काम झाल्याशिवाय मला निघता येणार नाही. साडूंना नमस्कार. गरम पाण्याची पिशवी वापरत राहा म्हणावं.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. नळ गळत नाही. रंगारीही मी बोलावलेला नाही. खरी गोष्ट अशी की मी इथून गेलो तर तिने कुणाबरोबर जेवायचं, हे कोडं मला सुटत नाही. माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही. तुम्ही व्यवहारी आहात, रडत नाही, फसतही नाही. एका गुरुवारी या आणि माझ्या शेजारी बसा. पडद्यामागे काही नाही असं तुम्ही म्हणालात, तर त्याच रात्री बॅग भरतो, एक शब्द बोलणार नाही.

आणखी एक. हे काउंटरवर बसूनच लिहितोय, पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही. तुम्हाला बोलावतोय हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता पडद्यातून एक बशी आली. काकडीचा एकच घास, मासा नाही, तुम्हाला चालेल असा. हिरवा लेप काडीने खरवडून बशीच्या कडेला पुसलेला, त्या दिवशी तुमची फजिती झाल्यावर तिने तुमच्यासाठी काढला होता तसाच. आचारी माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. बशी मी उचलली नाही, माझी नाही ती. एक फेरा मारून आत गेली आणि तशीच परत आली. अजून फिरतेय. तेव्हा लवकर निघा, भात वाळतो.