तीन किलो दाब

कोरेगाव

प्रिय शाझिया,

जय भीम आणि सलाम, दोन्ही. फोनवर मी सभेचं नाव काढलं की तू "जेवलीस का" विचारतेस आणि बोलणं भाजीवर नेतेस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. तू व्यासपीठ सोडलंस त्याला सहा वर्षं झाली आणि मला ते अजून मान्य नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुला पुढे शोधत बसायला नको.

आधी बातमी. मी घर घेतलंय, चाकांवरचं. शाळेची जुनी मिनीबस होती, ती इथल्या गॅरेजमध्ये बांधून घेतली. आत दोन पलंग, ओटा, पुस्तकांचं कपाट आणि मागच्या अंगाला न्हाणी आणि संडास. खाली पाण्याची टाकी आणि छोटा पंप. गावात नळ असला तर त्याला पाइप जोडायचा, पाणी थेट गाडीतल्या नळांना येतं. नसला तर टाकीतलं पाणी पंपाने घ्यायचं. इतकंच तर आहे, असं मला वाटलं. एवढ्या क्रांत्यांचे इतिहास वाचलेल्या बाईला एका नळाचा स्वभाव कळायला कितीसा वेळ लागणार, असाही एक समज होता.

पहिली सभा डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात होती. सकाळी शाळेच्या नळाला पाइप जोडला, बोट लावून धार पाहिली. बेताची होती. निर्धास्त होऊन बोलायला उभी राहिले. विषय काय, तर पाण्यावर बायांचा हक्क. मी रंगात आले, टाळ्या पडायला लागल्या, आणि रंगुबाई नावाची एक म्हातारी गर्दीतून उठून थेट माझ्यापाशी आली. "आवं ताई, भाषान जरा थांबवा. तुमची गाडी मुताय लागलीया."

सभा हसून लोळली. मी धावले. गाडीच्या पायरीवरून ओहोळ वाहत होता, ओट्याखालचा जोड निसटला होता, गादी भिजली होती, खालच्या कप्प्यातली पुस्तकं फुगून पावासारखी झाली होती. कारण नंतर उलगडलं. गावची टाकी वर डोंगरावर. सकाळी सगळं गाव पाणी भरत असतं, तोवर धार मवाळ. घागरी भरून एकेक नळ बंद झाला की सगळा जोर उरलेल्या नळावर येतो. तो उरलेला नळ माझा होता.

मग मी सांगलीत तुझ्या लेकाच्या, अजमलच्या नळसामानाच्या दुकानात गेले. तुला त्याने सांगितलं नसेल, मीच तसं बजावलं होतं. त्याने पाण्याचा जोर आवरणारा पितळेचा रेग्युलेटर काढला, वर काट्याची तबकडी असलेला. गाडीतले पाइप प्लास्टिकचे, त्यांना तीन किलोच्या वर दाब नको, म्हणाला. ही माणसं दाबही किलोत मोजतात, हळदीसारखा. "मावशी, दोन घ्या," वर म्हणतो, "एक गाडीला, एक तुमच्या घशाला." तुझीच जीभ आली आहे त्याला.

मी तो आधी गाडीच्या तोंडाशी बसवला. चुकलं. बाहेरचा पाइप नळाच्या पूर्ण जोरात राहिला, फुगला आणि फाटला. रेग्युलेटर नळालाच लावायचा असतो, पाइप त्याच्या पुढे. मग भीतीपोटी स्क्रू इतका सैल केला की न्हाणीत मुंगी मुतल्यागत थेंब पडायला लागले आणि अंगाला साबण तसाच. शेवटी थोडा थोडा पिळत काटा तीनच्या जरासा अलीकडे आणला. डोक्यावर नीट धार पडली तेव्हा मी आत एकटीच घोषणा दिली. आता रेग्युलेटरच्या जाळीत अडकलेली वाळू वेळोवेळी काढते, आणि गाडी सोडून कुठे जायचं झालं तर नळ आधी बंद करते. भाषणाला जाताना तर नक्कीच.

त्या धारेखाली उभी असताना मला आपली जीप आठवली. सभेच्या दिवशी पहाटेपासून तू पाण्याचा घोट घ्यायची नाहीस. चहा पुढे आला तर ओठाला लावून खाली ठेवायचीस. बरोबरचे वक्ते जीप थांबवून बांधाच्या आडोशाला जायचे आणि आपण दोघी समोरचा रस्ता बघत बसायचो. गावोगाव मंडप असायचा, हार असायचे, माइक असायचा; बाईला जायला जागा नसायची. मग तुझा तो ताप, मुतखडा, दवाखान्यातले दिवस. तू सगळ्यांना सांगितलंस, "घरचं बघायचंय." लोकांना ते लगेच पटलं, कारण बाईने हे कारण दिलं की पुढे कुणी विचारत नाही. तुझा आवाज शाबूत होता, मतं शाबूत होती. कडी लागणारं एक दार मिळालं नाही म्हणून दोन जिल्ह्यांनी आपली सगळ्यात चांगली वक्ती घरी बसवली. याचा मला संताप आहे, आणि अजमलच्या दुकानातलं कुठलंही पितळ तो कमी करू शकणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आटपाडीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनी, बाजारात बायांसाठी संडास हवा म्हणून, येत्या शनिवारी सभा ठेवली आहे. मला बोलायला बोलावलं. मी म्हटलं, या विषयावर मी पुस्तकातलं बोलेन, अंगावर सोसलेली बाई सांगलीत आहे. त्यांच्या भामाबाई म्हणाल्या, "मग त्यास्नीच आणा की. तुमी नुसती गाडी चालवा." तर मी गाडी चालवणार आहे. पूर्वी मी तुझं नाव छापून मोकळी झाले असते आणि पत्रकच तुझ्या हातात ठेवलं असतं. या वेळी वक्त्याची जागा कोरी ठेवली आहे. आटपाडीत नळाचा भरवसा नाही, म्हणून टाकी इथूनच भरून आणते. पंप तपासला आहे. न्हाणीच्या दाराची कडी मी स्वतः बसवून घेतली, आतून लागते आणि भक्कम आहे. शनिवारी सकाळी गाडी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहील, हॉर्न वाजवणार नाही. यायचं ठरलं तर एकच कर, शाझिया. निघण्याआधी तांब्याभर पाणी पी.

तुझीच,
आक्काताई